आरोग्यसेवा, बाजारपेठ आणि शासन : फ्रीडमन व ॲरो यांच्या भूमिकांची चिकित्सा

प्रस्तावना

अर्थव्यवस्थेत शासनाची भूमिका किती असावी, हा अर्थशास्त्रातील जुना वादविषय आहे. अमेरिकेत या वादाने विशेष तीव्र रूप धारण केले ते आरोग्यसेवेच्या क्षेत्रात. मिल्टन फ्रीडमन यांचा ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ हा ग्रंथ १९६२ मध्ये, तर केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेच्या कल्याणकारी अर्थशास्त्रावरील निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या वादातील दोन बाजूंचे प्रतिनिधी म्हणून त्यांचा उल्लेख होतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा केली आहे.

फ्रीडमन यांची भूमिका

फ्रीडमन यांचा रोख वैद्यकीय व्यवसायाच्या परवाना पद्धतीवर आहे. परवाना रुग्णाच्या संरक्षणासाठी असल्याचे सांगितले जाते; व्यवहारात मात्र तो व्यवसायातील प्रवेश रोखतो, डॉक्टरांची संख्या मर्यादित ठेवतो आणि सेवा महाग करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे ते प्रबळ कामगार संघटना म्हणूनच पाहतात. शासकीय नियमन नेहमी दुर्बलांच्याच बाजूचे असते, हा समज या विवेचनाने दूर होतो. हेच त्याचे सामर्थ्य होय. तथापि, ग्राहक सेवेची पारख करून निवड करू शकतो, हे त्यामागील गृहीतक आरोग्याच्या बाबतीत टिकत नाही. छातीत कळ आलेला रुग्ण दरपत्रके ताडून रुग्णालय निवडत नाही.

ॲरो यांची भूमिका

नेमक्या याच ठिकाणी ॲरो यांचा युक्तिवाद महत्त्वाचा ठरतो. आजार केव्हा येईल आणि उपचाराचा परिणाम काय होईल, या दोन्ही बाबी अनिश्चित असतात. शिवाय डॉक्टर व रुग्ण यांच्या ज्ञानात मोठी तफावत असते. त्यामुळे किंमतीपेक्षा विश्वासाला महत्त्व येते आणि सर्व जोखमींसाठी पुरेसा विमा बाजारात उपलब्ध होत नाही. जेथे असा विमा उपलब्ध नाही, तेथे शासनाने तो पुरवावा, असे ॲरो सुचवतात. मात्र बाजार अपुरा पडतो हे सिद्ध झाले म्हणजे शासन यशस्वी होईल हे सिद्ध होत नाही. शासनाच्या कार्यक्षमतेचा प्रश्न या मांडणीत पुरेसा हाताळला गेलेला नाही.

वादाचे वास्तव

अमेरिकेच्या अनुभवाकडे पाहता ‘शासन की बाजार’ ही विभागणीच सदोष वाटते. मालकाने कामगारासाठी भरलेल्या आरोग्य विम्याच्या हप्त्याला १९५४ च्या करकायद्याने करमुक्ती दिली. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. २०१० च्या कायद्यानुसार, पूर्वीच्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारण्यास २०१४ पासून सर्वांसाठी बंदी आली. म्हणजे ज्याला खाजगी व्यवस्था म्हटले जाते, तिच्याही पायाशी शासन आहे. तरीही २०२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर होऊनही अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते.

विशेष म्हणजे, स्वतः फ्रीडमन यांनी २००१ मधील लेखात मेडिकेअर, मेडिकेड व ही करमुक्ती रद्द करण्याचा पुरस्कार करतानाच, प्रत्येक कुटुंबाला मोठ्या आजारपणासाठी विमा पुरवण्याची सूचना केली. बाजाराच्या खंद्या पुरस्कर्त्यालाही अखेरची जोखीम शासनावरच सोपवावी लागली, ही बाब त्यांच्या टीकाकारांनी व समर्थकांनीही पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

निष्कर्ष

सारांश, शासन असावे की नसावे हा खरा प्रश्न नाही. आजारपणाची जोखीम कोणी, किती आणि कोणत्या मार्गाने उचलावी, हा खरा प्रश्न आहे. फ्रीडमन यांच्याकडून नियमनाविषयीची सावधता आणि ॲरो यांच्याकडून रुग्णाच्या असहायतेचे भान घेतल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही. हा प्रश्न टाळून चाललेल्या वादाची किंमत विमा नसलेला रुग्णच मोजतो.