कोळीनृत्याचा वेश आणि त्याचे अनुल्लेखित कारागीर : पनवेल परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

कोळीनृत्यावरील मराठी लेखनात गीताला, ठेक्याला आणि वल्ह्याच्या हालचालीला जेवढे स्थान मिळाले, तेवढे वेशाला मिळालेले नाही. ‘रंगीबेरंगी पारंपरिक वेशभूषा’ एवढ्या उल्लेखावर बहुतेक वेळा हा विषय आटोपतो. हा वेश कोणी बेतला, कोणी शिवला, त्याचे कापड कोठून आले आणि नर्तकाच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतच नाहीत. वास्तविक नृत्य हे शरीराचे माध्यम आहे, आणि शरीर रंगमंचावर येते ते वस्त्रासहित.

पनवेल परिसरापुरता विचार केला तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. गाढी नदी जिथे खाडीला मिळते त्या पट्ट्यातील कोळी-आगरी वस्ती मासेमारी, मिठागरे आणि खारजमिनीवरील भातशेती यांवर जगत आली. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी भूसंपादन झाले, आणि पुढे विमानतळासाठी खाडीलगतची गावे स्थलांतरित झाली. 2025 मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. ज्या पाण्यात आणि चिखलात हा वेश घडला, ते पाणी मागे हटत असताना वेश मात्र रंगमंचावर अधिकाधिक झळाळत गेला आहे. हा योगायोग तपासून पाहण्यासारखा आहे.

मूळ वेशाचे तर्कशास्त्र श्रमाचे होते. कमरेला बांधलेला चौकटीचा रुमाल, म्हणजेच सुरका, समोर त्रिकोणी पडतो आणि मांड्या मोकळ्या ठेवतो. गुडघाभर चिखलात उभे राहून पाग फेकणाऱ्या माणसाला धोतर सोयीचे नाही. स्त्रियांचे लुगडे काष्टा मारून वर खोचलेले असते, कारण पाटी डोक्यावर घेऊन ओल्या वाटेने झपाझप चालायचे असते. हे कापड कोळीवाड्यात विणले जात नव्हते. ते बाजारातूनच येई. कोळीवाड्याचे स्वतःचे हस्तकौशल्य होते ते नेसण्यात आणि जाळे विणण्यात. त्यामुळे ‘पूर्वीचे हातचे, आताचे यंत्राचे’ अशी सरळ विभागणी येथे लागू पडत नाही. भाबड्या शुद्धतावादाला या विषयात फारसा आधार सापडणार नाही.

आजच्या रंगमंचीय वेशात सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता? बहुतेकांचे लक्ष जरीच्या काठाकडे आणि टिकल्यांकडे जाते. खरा बदल आहे शिवलेल्या लुगड्याचा. नेसण्याचे वस्त्र आता चढविण्याचे वस्त्र झाले आहे. निऱ्या आधीच घालून टाचलेल्या, काष्टा शिवून पक्का केलेला, कमरेला नाडी किंवा हूक. हे काम बहुधा घरगुती शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया करतात, आणि ते सोपे नाही. सपाट कापडाचा घोळ पायजम्यासारख्या बेतात बसवायचा, तरीही पाहणाऱ्याला ते नेसलेलेच वाटले पाहिजे, यासाठी निरीक्षण आणि गणित दोन्ही लागते. एका कार्यक्रमात कोळीनृत्य आटोपून लगेच लावणीला उभे राहणाऱ्या मुलींना या कारागिरीने जे स्वातंत्र्य दिले, त्याची नोंद टीकाकाराने घेतली पाहिजे.

परंतु त्याची किंमतही सांगितली पाहिजे. नेसलेले लुगडे प्रत्येक अंगाप्रमाणे वेगळे बसते. नेसणारीची उंची, चाल, वय त्यात दिसते. शिवलेले लुगडे मापांच्या दोन-तीन गटांत सर्वांना बसविते, आणि भाड्याने आणलेले असेल तर तेही बसविण्याचा आग्रह राहत नाही. दहा नर्तकी एकसारख्या दिसतात. पदन्यासही मग एकसारखा होतो, कारण काष्टा सुटण्याची धास्ती नसल्यामुळे कंबर सावरून टाकलेले ते विशिष्ट पाऊलच लागत नाही. वेश बदलला की हालचाल बदलते. हे दिग्दर्शकांना ठाऊक असते, समीक्षेत मात्र उतरत नाही. (पाटीतील प्लास्टिकच्या माशांबद्दल न बोललेलेच बरे. पनवेलच्या मासळीबाजारात तशा रंगाचा मासा कोणी पाहिलेला नसावा.)

या संदर्भात पॉलिनेशियाचे उदाहरण उद्बोधक ठरते. हवाईच्या हुला नृत्याची जगाला परिचित खूण म्हणजे सुक्या गवताचा घागरा. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिल्बर्ट बेटांवरून आला. हवाईचे स्वतःचे वस्त्र होते सालीपासून कुटून केलेले ‘कापा’ आणि हिरव्या पानांचे पेहराव. पर्यटनाने उसनी खूण मूळ ठरविली. न्यूझीलंडच्या माओरी समाजातील ‘पिउपिउ’ मात्र वेगळे काही सांगते. हाराकेके या वनस्पतीच्या पानांचे काही भाग खरवडून धागा मोकळा करतात आणि तो काळ्या चिखलात रंगवितात. न खरवडलेला भाग सुकून नळीसारखा वळतो. नर्तक हलला की या नळ्या एकमेकींवर आपटून वाजतात. पान कोठे खरवडायचे हे ठरविणारा कारागीर नृत्याच्या नादाचाही एक रचनाकार असतो. ताहितीच्या ‘हेइवा’ महोत्सवाची परंपरा 1881 पर्यंत मागे जाते. तेथील स्पर्धेत वनस्पतींपासून केलेल्या पेहरावाचा स्वतंत्र विचार होतो आणि वेशाला बक्षीस असते. तेथेही बाजार आहे, पर्यटक आहेत. पण वेश करणाऱ्याचे काम काम म्हणून पाहिले जाते.

आपल्याकडील आंतरविद्यापीठीय युवा महोत्सवांच्या नियमांतही लोकनृत्याच्या परीक्षणात वेशभूषेचा निकष असतो. गुण मात्र संघाला मिळतात. वेश शिवणारी स्त्री कार्यक्रमपत्रिकेत नसते, निवेदनात नसते, अहवालातही नसते. ध्वनी, प्रकाश आणि नृत्यदिग्दर्शन यांचे श्रेय वाचून दाखविले जाते. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारख्या सभागृहात महाविद्यालयीन संघ उभा राहतो, तेव्हा परीक्षक नेमके कशाला गुण देतात? भाड्याच्या दुकानाच्या निवडीला, की कोणाच्या तरी हातांना? निकष तसाच ठेवून हे वेगळे करणे शक्य आहे. संघाने वेश कोणाकडून, कोणत्या कापडाचा, नेसलेला की शिवलेला, याची एका पानाची नोंद प्रवेशपत्रासोबत द्यावी, आणि परीक्षकांनी ती वाचावी. काही वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या तर या विषयावरील पुढच्या लेखनाला ‘रंगीबेरंगी’ या विशेषणापलीकडचे साहित्य मिळेल. सुरका बांधता येणारे आणि पाग विणता येणारे हात खाडीकाठच्या वस्त्यांत अजून आहेत. अशा नोंदींची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.