परकीय नेत्यांचा शब्द : विश्वास आणि पडताळणी
(जॉन मिअरशायमर यांच्या ‘व्हाय लीडर्स लाय’ या ग्रंथातील प्रतिपादनाची चिकित्सा)

प्रस्तावना

परराष्ट्राच्या नेत्याने दिलेला शब्द कितपत खरा मानावा, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सातव्या अधिकरणाच्या सतराव्या अध्यायात त्याची चर्चा आली आहे. सत्यवचन किंवा शपथ यांवर उभा असलेला तह डळमळीत असतो आणि जामीन किंवा ओलीस घेऊन केलेला तह पक्का असतो, हे पूर्वाचार्यांचे मत कौटिल्य तेथे नोंदवतो आणि ते अमान्य करतो. त्याच्या मते शब्दाने बांधलेला तह इहलोकी व परलोकी स्थिर राहतो. जामीन व ओलीस यांचा उपयोग इहलोकापुरताच आणि तोही बळावर अवलंबून असतो. मात्र ओलीस ठेवलेल्या राजपुत्राला शत्रूच्या ताब्यातून कसे सोडवून आणावे, याचे उपायही त्याच अध्यायात सविस्तर दिलेले आहेत. शब्दाचे मोल आणि शब्दाविषयीची सावधगिरी या दोन्ही गोष्टी भारतीय राजनीतिविचारात अशा एकत्र नांदत आल्या आहेत.

आधुनिक काळात या प्रश्नाची स्वतंत्र मांडणी करणाऱ्या ग्रंथांमध्ये शिकागो विद्यापीठातील अभ्यासक जॉन मिअरशायमर यांचा ‘व्हाय लीडर्स लाय’ हा २०११ मध्ये प्रकाशित झालेला ग्रंथ महत्त्वाचा आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर जून २०२२ मध्ये फ्लॉरेन्स येथील युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये दिलेल्या व्याख्यानात मिअरशायमर यांनी याच ग्रंथातील निष्कर्षाचा आधार घेतला. रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन आपल्या हेतूंविषयी खोटे बोलत नव्हते, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. एखादा सैद्धांतिक निष्कर्ष प्रत्यक्ष युद्धाच्या अर्थनिर्णयासाठी वापरला जातो, तेव्हा त्याची कसून तपासणी होणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे.

ग्रंथातील प्रतिपादन

मिअरशायमर प्रथम असत्यकथन, सोयीस्कर मांडणी आणि माहिती दडवणे या तीन प्रकारांत भेद करतात. जे विधान खोटे आहे हे वक्त्याला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानावे अशी ज्यामागे इच्छा आहे, तेच त्यांच्या लेखी असत्यकथन होय. या कसोटीवर इतिहास तपासल्यानंतर ते एका अनपेक्षित निष्कर्षाप्रत येतात. राष्ट्रांचे नेते परस्परांशी फारसे खोटे बोलत नाहीत. स्वतःच्या जनतेशी मात्र ते अधिक वेळा खोटे बोलतात. याचे कारणही ते देतात. राष्ट्राराष्ट्रांमध्ये विश्वास मुळातच कमी असतो. सुरक्षेच्या प्रश्नावर कोणीही दुसऱ्याचे बोलणे पडताळल्याशिवाय स्वीकारत नाही. जेथे विश्वास नाही तेथे खोटे बोलून लाभ नाही. याउलट जनतेचा आपल्या सरकारवर विश्वास असतो, म्हणून तिची दिशाभूल करणे सोपे जाते. इराकवरील २००३ च्या आक्रमणापूर्वी अमेरिकी जनतेत निर्माण केलेली भीती हे त्यांनी दिलेले ठळक उदाहरण आहे.

या मांडणीचे मोल नाकारता येणार नाही. परराष्ट्रीय राजकारण म्हणजे केवळ कपट, ही ढोबळ समजूत हा ग्रंथ दूर करतो. लोकशाही शासनेही आपल्या नागरिकांना फसवतात, हे कटू सत्य तो निर्भीडपणे मांडतो. तथापि ‘नेते परस्परांशी क्वचित खोटे बोलतात’ या विधानावरून ‘म्हणून या नेत्याचा शब्द ग्राह्य मानावा’ येथवर जाताना मधल्या काही पायऱ्या गळतात.

व्याख्येची मर्यादा

पहिली अडचण व्याख्येतच आहे. वक्ता खोटे बोलला की नाही, हा नीतीचा प्रश्न झाला. ऐकणाऱ्या शासनापुढील प्रश्न वेगळा असतो: या शब्दावर विसंबून सैन्य, सीमा व तह यांविषयीचे निर्णय घ्यावेत काय? वक्ता त्या क्षणी प्रामाणिक असूनही पुढे त्याचा विचार बदलू शकतो. त्याने एकही खोटे वाक्य न उच्चारता महत्त्वाची गोष्ट अनुच्चारित ठेवलेली असू शकते.

भारत-चीन सीमाप्रश्नाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २९ एप्रिल १९५४ रोजी झालेल्या करारात पंचशील तत्त्वांचा समावेश झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरूंनी चीनच्या नकाशांचा विषय काढला असता, ते जुन्या राजवटीचे नकाशे असून ते सुधारण्यास सवड मिळालेली नाही, अशा आशयाचे उत्तर पंतप्रधान चौ एन लाय यांनी दिले. १९५६-५७ च्या भारतभेटीत त्यांनी मॅकमहोन रेषेविषयी वास्तववादी भूमिका घेण्याची तयारी दर्शविली. ही रेषा अन्याय्य असली तरी ती मान्य करण्याचा चीनचा विचार आहे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ नेहरूंनी आपल्या टिपणात नोंदवला. दरम्यान १९५७ मध्ये अक्साई चीनमधून जाणारा रस्ता पूर्ण झाला होता. १४ डिसेंबर १९५८ च्या पत्रात नेहरूंनी त्या संभाषणाचे स्मरण करून दिले. २३ जानेवारी १९५९ च्या उत्तरात चौ एन लाय यांनी भारत-चीन सीमा कधीही औपचारिकरीत्या निश्चित झालेली नाही, असे स्पष्ट केले. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झाले.

या घटनाक्रमात मिअरशायमर यांच्या व्याख्येत बसेल असे निर्विवाद असत्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. चौ एन लाय यांनी सौम्य शब्द वापरले, प्रश्न पुढे ढकलला आणि पश्चिम क्षेत्राविषयी मौन बाळगले. जुलै १९५४ मध्ये सीमा पक्की असून ती चर्चेचा विषय नाही अशा रीतीने नकाशे काढण्याचा निर्णय भारतानेही एकतर्फी घेतला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. तात्पर्य, असत्यांची मोजदाद करणाऱ्या पद्धतीला येथे काहीच घडलेले दिसणार नाही. भारताला मात्र त्या संदिग्ध शब्दांची आणि मौनाची मोठी किंमत मोजावी लागली.

प्रमाण आणि प्रसंग

दुसरी अडचण तर्काची आहे. असत्यकथन एकूण व्यवहारात विरळ असले, तरी ते सर्व प्रसंगांत सारख्या प्रमाणात विखुरलेले नसते. रोजच्या राजनैतिक व्यवहारात खोटे बोलण्याचे कारणच नसते. ते उद्भवते आक्रमणाच्या किंवा बळकावणीच्या तोंडावर. म्हणून एकूण सरासरीवरून नेमक्या त्या क्षणाविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे.

पुतिन यांची सार्वजनिक विधाने याची साक्ष देतात. ४ मार्च २०१४ रोजी पत्रकारांशी बोलताना त्यांनी क्रिमियातील बिनचिन्हांकित गणवेशातील सशस्त्र माणसे स्थानिक संरक्षण दलाची असल्याचे सांगितले. १७ एप्रिल २०१४ रोजी मात्र त्या दलांच्या पाठीशी रशियाचे सैनिक उभे होते, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. १८ मार्च २०१४ च्या भाषणात, क्रिमियानंतर इतर प्रदेशांचीही पाळी येईल असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, युक्रेनचे विभाजन रशियाला नको आहे, असे त्यांनी युक्रेनच्या जनतेला उद्देशून म्हटले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, आक्रमणाच्या दिवशीच, युक्रेनचा भूप्रदेश व्यापण्याचा आपला बेत नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसन हे चार प्रांत रशियाला जोडण्याच्या करारांवर त्यांनी स्वाक्षऱ्या केल्या. यांतील प्रत्येक विधान उच्चारताच असत्य होते की नंतर परिस्थितीने बदलले, याविषयी वाद होऊ शकेल. परंतु त्यावर विसंबणाऱ्याची फसगत झाली असती, याविषयी वाद होऊ शकत नाही.

हेतूचे शब्द आणि मर्यादेचे शब्द

वरील उदाहरणे एकत्र ठेवली असता एक भेद स्पष्ट होतो. नेत्यांची काही विधाने हेतू सांगतात: कोणता अन्याय झाला आहे, कोणती भूमी आपली आहे, कोणती स्थिती असह्य आहे. दुसरी काही विधाने मर्यादा सांगतात: यापुढे काही मागणार नाही, येथेच थांबणार आहोत. या दोहोंची विश्वासार्हता सारखी नसते.

मर्यादेचे विधान करायला काहीच खर्च येत नाही आणि त्यामुळे प्रतिपक्षाचा विरोध मात्र सैल पडतो. म्हणून थांबणारा आणि न थांबणारा असे दोघेही ते सारख्याच शब्दांत करतात. हेतूचे विधान स्वजनांपुढे वर्षानुवर्षे केले जाते; त्यातून अपेक्षा वाढतात आणि माघार घेणे महाग पडते. मिअरशायमर म्हणतात त्याप्रमाणे नेते आपल्या जनतेला खोटा इतिहास सांगतात, हे खरे आहे. परंतु सांगितलेला इतिहास खोटा असला तरी त्यामागील हेतू खरा असू शकतो. पुतिन यांच्या जुलै २०२१ च्या रशियन व युक्रेनियन यांच्या ऐतिहासिक ऐक्यावरील लेखात युक्रेनचे खरे सार्वभौमत्व रशियाच्या भागीदारीतच शक्य असल्याचे प्रतिपादन होते. त्याच लेखात युक्रेनियनांच्या स्वतंत्र राज्याला अनुमती देणारी वाक्येही आहेत आणि मिअरशायमर यांनी २०२२ च्या व्याख्यानात त्यांवर भर दिला. म्हणजे त्यांनी मर्यादेचे शब्द ग्राह्य मानले आणि हेतूच्या शब्दांना गौण स्थान दिले.

हीच चूक १९३८ मध्येही घडली होती. पूर्वेकडील भूमी मिळविण्याचा कार्यक्रम हिटलरने ‘माइन काम्फ’मध्ये छापून ठेवला होता. तो तुरुंगातील माणसाचा अतिरेक म्हणून दुर्लक्षिला गेला. २६ सप्टेंबर १९३८ रोजी बर्लिनमधील भाषणात सुडेटन प्रदेश ही आपली युरोपातील अखेरची प्रादेशिक मागणी असल्याचे त्याने सांगितले, ते मात्र अनेकांना दिलासा देणारे वाटले. दिलेला शब्द पाळणारा माणूस म्हणून हिटलरवर विसंबता येईल असे आपले मत झाल्याचे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी त्याच महिन्यात आपल्या बहिणीला लिहिले होते. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. येथे शब्दांवर विश्वास ठेवला गेला यापेक्षा कोणत्या शब्दांवर ठेवला गेला, हे महत्त्वाचे आहे.

हा भेद मिअरशायमर यांच्या टीकाकारांनाही लागू होतो. १० फेब्रुवारी २००७ रोजी म्युनिक येथे पुतिन यांनी नाटोच्या विस्ताराविषयी तीव्र तक्रार केली होती. तरीही एप्रिल २००८ मधील बुखारेस्ट परिषदेत युक्रेन व जॉर्जिया नाटोचे सदस्य होतील, असे घोषित झाले. तक्रारही हेतूचेच विधान असते. ती न्याय्य मानण्याचे बंधन कोणावर नसले, तरी ती पोकळ मानणे परवडत नाही. मिअरशायमर यांनी तक्रार ऐकली आणि ऐतिहासिक दावा गौण मानला. त्यांच्या काही विरोधकांनी दावा ऐकला आणि तक्रार बाजूला सारली.

अविश्वासाची किंमत

यावरून सरसकट अविश्वास हाच शहाणपणा ठरतो, असे मात्र नाही. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत सैन्यात पाच लाखांची एकतर्फी कपात आणि पूर्व युरोपातून सहा रणगाडा डिव्हिजन मागे घेण्याची घोषणा केली. वॉशिंग्टनमध्ये ती अनेकांना संशयास्पद वाटली. अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या प्रशासनाने १९८९ चे पहिले महिने फेरआढाव्यात घालविले आणि पाश्चात्त्य आघाडीत फूट पाडण्याचा हा डाव असावा, अशी शंका राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी जाहीरपणे व्यक्त केली. त्या वर्षअखेरीस पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, तेव्हा सोव्हिएत फौजा छावण्यांतच राहिल्या.

गोर्बाचेव्ह यांचे विधान मर्यादेचेच होते. पण त्यात संख्या, ठिकाणे आणि मुदत होती, म्हणून ते तपासता येत होते. एक वर्ष आधी, ८ डिसेंबर १९८७ रोजी झालेल्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांसंबंधीच्या करारात प्रत्यक्ष स्थळपाहणीची तरतूद होती. त्यानुसार १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा, ही रशियन म्हण रेगन वारंवार उद्धृत करीत, तिचा आशय या कलमांत उतरला होता. हा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. तथापि त्याने तीन दशके काम केले. याउलट ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनात युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी आश्वासन असूनही ते मोडल्यास काय करावे, याची परिणामकारक यंत्रणा नव्हती. लेखी शब्दही यंत्रणेशिवाय दुबळाच राहतो, हे २०१४ मध्ये दिसून आले.

त्याचप्रमाणे हेतूचे प्रत्येक विधान कृतीत उतरतेच असेही नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी पाश्चात्त्य राजदूतांसमोर, आम्ही तुम्हाला गाडू, असे उद्गार काढले. तो युद्धाचा बेत नव्हता. म्हणून शब्दांबरोबर साधनांकडे पाहणे अपरिहार्य आहे. सीमेवर सैन्य जमते आहे काय, रस्ता बांधला जातो आहे काय, हे प्रश्न विचारल्यावाचून शब्दांचा अर्थ पूर्ण होत नाही.

निष्कर्ष

१. ‘नेते परस्परांशी क्वचित खोटे बोलतात’ हा मिअरशायमर यांचा निष्कर्ष वर्णन म्हणून मान्य केला, तरी एखाद्या विशिष्ट नेत्याच्या विशिष्ट आश्वासनाला तो प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

२. असत्यकथनाची संकुचित व्याख्या संदिग्धता व मौन यांना मोजदादीबाहेर ठेवते. भारत-चीन संबंधांच्या अनुभवातून हे विशेषत्वाने स्पष्ट होते.

३. स्वजनांपुढे सातत्याने मांडलेला हेतू गांभीर्याने घ्यावा, मग त्याचा ऐतिहासिक आधार कितीही लटका असो. परक्यांपुढे मांडलेली मर्यादा मात्र पडताळणीची सोय असेल तेवढ्याच प्रमाणात ग्राह्य धरावी.

४. पडताळता येण्याजोगे आश्वासन केवळ संशयापोटी नाकारणे, हेही राजनीतीतील अपयशच होय.

नेता खरा की खोटा, हा प्रश्न चरित्रकाराने सोडवावा. परराष्ट्रमंत्रालयाने त्याच्या भाषणातील कोणते वाक्य कोणासाठी होते, ते उच्चारण्यास त्याला काय मोजावे लागले आणि ते मोडल्यास आपल्याला केव्हा कळेल, हे विचारणे पुरेसे आहे. १९३८ मध्ये आणि १९५० च्या दशकात हे प्रश्न वेळेवर विचारले गेले असते, तर युद्धे टळलीच असती असे म्हणता येत नाही. मात्र त्या राष्ट्रांवर ती इतक्या गाफील अवस्थेत ओढवली नसती.