मंडळी, अध्यक्ष आणि सेवक

मराठी बायबल उघडले की महाराष्ट्र मंडळात वावरणाऱ्या माणसाला आधी थोडी गंमत वाटते. इंग्रजीत ज्याला 'चर्च' म्हणतात त्याला प्रचलित मराठी भाषांतरात शब्द आहे 'मंडळी'. ज्या ग्रीक शब्दापासून 'बिशप' आला त्याचे मराठी झाले आहे 'अध्यक्ष'. 'एल्डर' म्हणजे 'वडील' आणि 'डीकन' म्हणजे 'सेवक'. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जे शब्द दर पाच मिनिटांनी कानावर पडतात, तेच हे शब्द!

माझी आजी नगरची. संध्याकाळी दिवा लावला की ती 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक मोठ्याने वाचत असे. त्यातली 'मंडळी' म्हणजे आमच्याकडे प्रार्थनेला येणारी शेजारपाजारची मंडळीच, अशी माझी लहानपणी ठाम समजूत होती. पुढे शिक्षणासाठी अमेरिकेत आलो, नोकरीत रुळलो आणि ते पुस्तक कपाटात गेले. ते पुन्हा बाहेर निघाले ते एका भांडणामुळे.

तेव्हा मी इथल्या एका मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला जेवणाची कुपने सभासद कुटुंबांच्या नोंदणीवरून छापली होती. भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांची मोजणी कोणी केलीच नव्हती. रांगेत आधी कुपनवाले, मग उरले तर बाकीचे, असे ठरले आणि सात-आठ वृद्ध बायका भिंतीपाशी खुर्च्यांवर बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात एका सभासदाचे तक्रारीचे पत्र आले. आम्ही बैठक घेतली. पत्रातल्या मजकुरावर पाच मिनिटे बोललो आणि पत्राच्या भाषेवर पाऊण तास. "एवढे राबूनही लोक असे लिहितात!" हे वाक्य माझेच होते. त्या रात्री घरी आल्यावर मला आजीच्या त्या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवला.

त्यातला प्रसंग थोडक्यात असा. येशूच्या मागे त्याच्या शिष्यांची यरुशलेमात मंडळी जमली आहे. सगळे मिळून जेवतात, गरजवंतांना रोज अन्न वाटले जाते. संख्या वाढते आणि कुरकुर सुरू होते. ग्रीक बोलणारे यहूदी म्हणतात की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते आहे आणि इथल्या स्थानिक भाषेच्या लोकांचे तेवढे बघितले जाते.

हे ग्रीक बोलणारे यहूदी कोण? पिढ्यान् पिढ्या परदेशी राहिलेल्या घरांतले बहुतेक लोक. अलेक्झांड्रिया, कुप्र, तार्स अशा ठिकाणी वाढलेले, धर्माने यहूदी, पण जिभेवर ग्रीक. म्हातारपणी पवित्र नगरीत देह ठेवावा म्हणून अशी जोडपी यरुशलेमात येत आणि नवरा गेला की बाईला जवळचे कोणी उरत नसे, असे अनेक अभ्यासक सांगतात. यरुशलेमात विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोटस नावाच्या माणसाचा ग्रीक शिलालेख सापडला. त्याने तिथे सभास्थान बांधले आणि परदेशाहून येणाऱ्यांसाठी उतरण्याच्या खोल्या व पाण्याची सोय केली, असे त्यात कोरले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते एक मंडळच म्हणा ना!

आता बारा प्रेषित काय करतात ते पाहण्यासारखे आहे. तक्रार कोणी केली, कोणत्या सुरात केली, याची चौकशी होत नाही. खोटी आहे असे कोणी म्हणत नाही. ते सगळ्या शिष्यांना बोलावतात आणि सांगतात की तुमच्यातूनच चांगल्या नावाची सात माणसे निवडा, हे काम आम्ही त्यांच्याकडे सोपवतो. निवड लोक करतात, प्रेषित त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. लेखक लूक मग सातही नावे देतो: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. निकलाव तर जन्माने यहूदीही नाही, मागाहून त्या धर्मात आलेला.

सातही नावे ग्रीक आहेत. एवढ्यावरून सातही जण तक्रार करणाऱ्या गटाचेच होते असे शपथेवर सांगता येणार नाही, कारण बारा प्रेषितांतही अंद्रिया आणि फिलिप्प ही ग्रीक नावे आहेत. पण सातांपैकी सातही नावे तशी असावीत हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच हाती वाटपाचा डाव दिला गेला असावा, आणि तोही फक्त स्वतःच्या विधवांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. समितीत त्या गटाचा एखादा प्रतिनिधी घेऊन समजूत काढणे किती सोपे होते! आपण तेच केले असते.

तरीही या अध्यायावर माझा एक आक्षेप आहे. प्रेषित म्हणतात की देवाचे वचन सोडून पंगतीची सेवा करणे आम्हाला योग्य नाही. आम्ही बोलणार, तुम्ही वाढा. या वाक्याचा आधार घेऊन पुढे धर्मसंस्थेत वरची आणि खालची कामे ठरली. पण मूळ ग्रीक पाहिले तर अन्नवाटपाला आणि वचनाच्या सेवेला लूकने एकच शब्द वापरला आहे, 'डायाकोनिया', म्हणजे सेवा. शिवाय पुढची कथा प्रेषितांच्या या वाटणीला जुमानत नाही. स्तेफन वाढताना एकदाही दिसत नाही. तो दिसतो तो सभेपुढे लांबलचक भाषण करताना आणि त्यापायी दगडमाराने मरताना. फिलिप्प शोमरोनात उपदेश करतो, रस्त्यात भेटलेल्या कूशी अधिकाऱ्याला शास्त्र समजावून सांगतो. ज्यांना पंगतीसाठी नेमले त्यांनीच वचन यरुशलेमाबाहेर नेले. प्रेषितांनी काम नीट सोपवले, पण माणसे ओळखण्यात ते थोडे कमी पडले. लूकने हे टीका म्हणून लिहिलेले नाही, घडले तसे एकापुढे एक मांडले आहे आणि म्हणूनच ते जास्त पटते.

या पुस्तकातला माझा आवडता पुढारी मात्र पेत्रही नाही आणि पौलही नाही. तो बर्णबा, कुप्र बेटावरचा, म्हणजे परदेशी वाढलेलाच. आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा. मंडळीचा छळ करणारा शौल बदलला, हे ऐकून यरुशलेमात सगळे घाबरले होते, तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले ते बर्णबाने. अंत्युखियात काम वाढले तेव्हा तार्सला जाऊन शौलाला शोधून आणले तेही त्यानेच. सुरुवातीला लूक 'बर्णबा व शौल' असे लिहितो. तेराव्या अध्यायात शौलाचा 'पौल' होतो आणि त्यानंतर बहुतेक वेळा क्रम उलटतो, 'पौल व बर्णबा'. आपण आणलेला माणूस आपल्या पुढे गेला, याबद्दल बर्णबाच्या तोंडी एकही कडू शब्द नाही. पुढे या दोघांचेही कडाक्याचे भांडण झाले. मार्क एकदा अर्ध्या वाटेतून परत गेला होता, त्याला पुन्हा बरोबर घ्यायचे की नाही, या प्रश्नावर. पौल नको म्हणाला, बर्णबा त्याला घेऊन वेगळ्या वाटेने गेला. इथे माझे मत बर्णबाला.

पण लूकवरही पूर्ण भिस्त ठेवून चालत नाही. साधारण इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमात मोठी सभा भरली. यहूदी नसलेल्यांनी मंडळीत येण्यासाठी आधी सुंता करून यहूदी व्हावे का, हा प्रश्न होता. लूकने पंधराव्या अध्यायात ती सभा शिस्तीत रंगवली आहे: पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल अनुभव सांगतात, याकोब समारोप करतो, पत्र जाते. पौलाने गलतीकरांना लिहिलेले पत्र वाचा, म्हणजे त्याच काळातला दुसरा प्रसंग कळतो, जो लूकने सांगितलेलाच नाही. अंत्युखियात पेत्र परजातीयांबरोबर एका पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसे आल्यावर तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदीही सरले. बर्णबासुद्धा! तेव्हा पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावले.

पंगतभेद म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तत्त्व पेत्राला ठाऊक होते. त्याच्या विश्वासात खोट नव्हती, कोण बघते आहे याची भीती होती. मला या प्रसंगातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की मंडळीने ते पत्र जपून ठेवले. ज्या पेत्राला पुढे सर्वांत थोर मानले, त्याची चूक नोंदवणारे पान कोणी फाडले नाही. पेत्राने काय उत्तर दिले ते पौल सांगत नाही. तेवढ्यापुरती ती एकतर्फी साक्षच आहे.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाच्या अंगी काय हवे याची यादी आहे. तो एका बायकोचा नवरा असावा, पाहुणचार करणारा असावा, दारूबाज, मारकुटा, पैशाचा लोभी नसावा, स्वतःचे घर नीट चालवणारा असावा, नवशिका नसावा. यादीत चमत्कार नाहीत, वक्तृत्वही नाही, शिकवता यावे एवढेच. शेजाऱ्यांना दिसतील असे साधे गुण आहेत. पण त्याच पत्रात आदल्या अध्यायात बाईने शिकवू नये असे म्हटले आहे. हे पत्र पौलाच्या मागून दुसऱ्या कोणी त्याच्या नावाने लिहिले असावे, असे आजचे बरेच अभ्यासक मानतात. ते काहीही असो, पौलाच्याच रोमकरांना लिहिलेल्या पत्रात फिबी नावाची बाई आहे आणि तिला मंडळीची 'डायाकोनॉस' म्हटले आहे, म्हणजे सेवकाला असलेलाच शब्द. अपुल्लोस या विद्वानाला मार्ग नीट समजावून सांगणाऱ्या जोडप्यात लूक प्रिस्किल्लेचे नाव नवऱ्याच्या आधी घेतो.

या विसंगतीची किंमत एका मराठी बाईने मोजली आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले होते, तिने पुरुषांपुढे बोलायचे नाही! रमाबाईंनी ते मानले नाही. धर्म स्वीकारला म्हणून विवेकबुद्धी अध्यक्षांच्या स्वाधीन केलेली नाही, ही त्यांची भूमिका त्यांच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. नंतर त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी शिकवू नये असे एक वचन सांगते, त्यांच्यातल्याच एकीने ते वचनही मराठीत आणले. श्रद्धा आणि अधिकार यांतले अंतर रमाबाईंना जितके कळले तितके फार थोड्या अध्यक्षांना कळले असेल.

ही पाने पुन्हा वाचताना मला विश्वास या शब्दाचा अर्थही थोडा बदललेला वाटला. आजीच्या तोंडी तो देवाविषयी होता आणि तो तिथे आहेच. पण या प्रसंगांत तो दर वेळी माणसांच्या परीक्षेला लागतो. कुरकुर करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का? छळ करणाऱ्या शौलावर? पळून गेलेल्या मार्कावर? देवावर विश्वास आहे असे सगळेच म्हणत होते. फरक पडला तो इथे.

आमच्या त्या बैठकीचे पुढे काय झाले, तर फार काही झाले नाही. पत्राला एक गुळमुळीत उत्तर गेले, त्याखाली माझीही सही होती. पुढच्या वर्षी नोंदणीच्या अर्जात 'घरी आलेले पाहुणे' असा एक रकाना वाढवला गेला. तो रकाना सुचवला पत्र लिहिणाऱ्या त्याच सभासदाने, आणि भोजन समितीही त्याच्याकडेच दिली. मी त्या दिवशी वाढायला उभा होतो. भिंतीपाशी बसलेल्या एका आजींना ताट नेऊन दिले तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही मंडळाचे कोण?" मी कार्यकारिणीवर आहे असे सांगणार होतो. पण मागून कोणीतरी भाताचे पातेले आणा म्हणून हाक मारली आणि ते सांगायचे राहून गेले.