भ्रमणध्वनीवरील नमुने आणि उच्चारविचार

2020 च्या साथीत गावोगाव जाणे अशक्य झाले, तेव्हा बोलींचे नमुने भ्रमणध्वनीवरून घेण्याचा मार्ग अभ्यासकांनी पत्करला. शब्द वा प्रत्यय यांची नोंद करावयाची असेल, तर त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु अशा नमुन्यांवरून उच्चारांविषयी निष्कर्ष काढले जातात, तेव्हा ऐकू आले ते बोलणाराचे की यंत्राचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

भ्रमणध्वनीच्या जाळ्यात आवाज जसाच्या तसा जात नाही. जीएसएम पद्धतीची मूळ संकेतन-योजना सेकंदाला 8000 नमुने घेते. त्यामुळे 4000 हर्ट्झच्या वरचे काही तिच्या हाती लागणे शक्यच नसते. मग 20 मिलिसेकंदांच्या एकेका तुकड्याचे 260 बिटांत वर्णन होते. त्यांपैकी 36 बिट मुखविवराच्या आकाराची गणिती रूपरेषा सांगतात, 36 नादाची पुनरावृत्ती, आणि उरलेले 188 या दोहोंत न बसणारा शेष. पलीकडचे यंत्र या वर्णनावरून आवाज नव्याने घडविते. ध्वनिशास्त्रज्ञाला हेवा वाटावा अशी ही योजना आहे. तिचे उद्दिष्ट मात्र संभाषण कळावे, एवढेच होते.

मराठीपुरते पाहिले, तर घाव बसतो तो च आणि ज यांच्या द्विविध उच्चारांवर. ‘चार’ ही संख्या तालव्य, तर ‘गुरे चार’ या आज्ञेतील ‘चार’ दंततालव्य. दुसऱ्यातील घर्षण सकारासारखे असून त्याचा बराच जोर 4000 हर्ट्झच्या पलीकडे असतो. तो छाटला की दोन्ही उच्चार एकमेकांजवळ सरकतात. घरच्या श्रोत्याला संदर्भ साहाय्य करतो. पण या भेदाचा प्रादेशिक विस्तार शोधणाऱ्याने ‘येथे भेद लोपत आहे’ असे कोणत्या आधारावर लिहावे?

विरामाची गोष्ट याहून गमतीची. बोलणारा थांबला की पुष्कळदा प्रक्षेपणही थांबते, आणि लाइन तुटली असे वाटू नये म्हणून श्रोत्याला कृत्रिम खरखर ऐकविली जाते. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर आधीचाच पुन्हा वाजवितात. स्वराची लांबी मोजू जावे, तर मापात कोणीही न उच्चारलेला अंश येतो.

विस्तृत पट्ट्याची पुढील योजना 50 ते 7000 हर्ट्झपर्यंतचा आवाज नेते. तिने च-विषयक आक्षेप बराच सौम्य होतो. मात्र दोन्ही टोकांना व मधल्या जाळ्यात ती चालू असली तरच. अन्यथा जोडणी मुकाट्याने जुन्या पट्ट्यावर उतरते. नमुन्यासोबत बोलणाराचे गाव, वय, व्यवसाय लिहितात, तेथेच योजनेचे नावही लिहावयास हवे. त्याहून बरे म्हणजे बोलणाराने आपल्याच यंत्रावर मुद्रण करावे आणि ती फाइल मूळ स्वरूपात मागाहून पाठवावी.