कुलूप-किल्लीच्या रूपकाची मर्यादा

उष्णताप्रिय कवकांची प्रथिनभेदक विकरे आपले लक्ष्य ‘निवडतात’, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आणि ही निवड समजावून देण्यासाठी कुलूप-किल्लीचे रूपक योजले जाते. एमिल फिशर याने हे रूपक १८९४ मध्ये मांडले. ते सुबोध आहे, यात शंका नाही. परंतु प्रस्तुत विषयात ते कितपत टिकते, हे तपासणे अगत्याचे आहे.

नेकनूरसारख्या गावी शेण व कडबा यांचा ढीग पुरेशी ओल व हवा मिळून कुजू लागला, म्हणजे त्याच्या गाभ्याचे तापमान ५०° सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. अशा तापलेल्या ढिगांत ही कवके वाढतात. कूनी व एमर्सन यांच्या १९६४ मधील व्याख्येनुसार ज्यांची वाढ ५०° वा त्याहून अधिक तापमानातही होते व २०° च्या खाली होत नाही, ती उष्णताप्रिय कवके होत. त्यांपैकी ऱ्हायझोम्यूकर मीहेई या कवकाचे विकर चीज तयार करताना वासराच्या जठरातील विकराऐवजी वापरले जाते.

दुधातील कापा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत १६९ अमिनो आम्ले असतात. हे विकर मुख्यतः १०५ वे फिनिलॲलनिन व १०६ वे मेथिओनिन यांमधील बंध तोडते आणि दूध गोठते. साखळीत फिनिलॲलनिन अन्यत्रही आहे. मग हाच बंध का? विकराच्या खाचेत एकटे आम्ल बसत नसून बंधाच्या दोन्ही बाजूंची अनेक आम्ले बसतात. पाण्याशी फटकून असणारी आम्ले बंधालगत असणे, शेजाऱ्यांचा विद्युत्‌भार अनुकूल असणे आणि साखळीचा तो भाग उघडा व लवचीक असणे, या सर्वांचा तो परिणाम आहे. शेख्टर व बर्गर यांनी १९६७ मध्ये बंधाच्या दोन्ही बाजूंच्या स्थानांना क्रमनामे दिली, ती याच कारणाने.

व्याकरणात याला जवळचा दृष्टान्त सापडतो. ‘जगत्’ मधील ‘त्’ चा ‘नाथ’ पुढे आल्यास ‘न्’ होतो आणि ‘ईश’ पुढे आल्यास ‘द्’ होतो. येथे ‘त्’ काही निवडत नाही. शेजारच्या ध्वनीने विकार ठरतो.

किल्ली एकाच कुलपास लागते, अशी सामान्य समजूत असते. हे विकर मात्र अनुकूल शेजार मिळताच केसिनातील इतर बंधही, मंद गतीने का होईना, तोडते. शिवाय ते उष्णता सोसणारे असल्यामुळे दही तापविल्यावरही त्याचे कार्य चालू राहू शकते व चीज कडवट होण्याचा संभव असतो. म्हणूनच ऑक्सिडीकरणाने त्याचे उष्णतास्थैर्य कमी करून ते वापरण्याची पद्धत रूढ झाली. रूपकावर विसंबणाऱ्यास या कडवटपणाचे कारण उमगणार नाही.

मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यास शब्दाबरोबरच कल्पनाही मिळत असते. तेव्हा विकर लक्ष्य ‘निवडते’ असे न म्हणता, जेथे शेजार अनुकूल असेल तेथे ते ‘बसते व तोडते’ असे म्हणणे अधिक यथार्थ होय.