प्रवराकाठचा वारसा

कोल्हारच्या पुलावरून जाणारा प्रवासी बहुधा शिर्डीच्या ओढीने निघालेला असतो. खाली प्रवरा दिसते, भगवतीला मनोमन हात जोडले जातात आणि गाडी पुढे जाते. या नदीच्या वरच्या अंगाला जोर्वे आणि खालच्या अंगाला दायमाबाद व नेवासे आहे, हे त्याच्या गावीही नसते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा आपल्याला झालेला आनंद रास्तच होता. परंतु त्याने आपल्या अभिरुचीची मर्यादाही उघड केली. ज्याला तट-बुरूज आहेत, ज्याला पराक्रमाची कथा जोडता येते, तोच वारसा असे आपण धरून चालतो. मातीच्या पांढरीला आपल्या लेखी चरित्रच नसते.

वास्तविक ते आहे. १९५०-५१ मध्ये जोर्व्याला उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातील एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्या खेड्याचे नाव मिळाले. नेवाशाला १९५४ पासून डॉ. सांकळियांनी खणले, ज्ञानदेवांच्या पैसाच्या खांबामुळे पूज्य असलेल्या त्या गावी लोकवस्ती किती जुनी आहे, ते तेव्हा कळले. दायमाबाद १९५८ मध्ये उजेडात आले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे २२०० ते १००० या काळातील पाच संस्कृतींचे थर एकावर एक मिळाले. घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली मुले मिळाली. मेलेले मूल घराबाहेर न धाडणारी ती माणसे आपल्याला परकी कशी वाटावीत?

परंतु दायमाबादची बाजू मांडणारे पुढे करतात तो १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ. दोन बैलांचा तो रथ आणि सोबतचे हत्ती, गेंडा व रेडा अप्रतिम आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या काळाविषयी. एका ग्रामस्थाला ते झुडपाचा बुंधा खणताना मिळाले, शास्त्रीय उत्खननात नव्हे; कोणी त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानतात, तर धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून डी. पी. अगरवाल यांनी ते ऐतिहासिक काळातील असावेत असे सुचविले. शिवाय आज ते दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयांत आहेत. अशा साक्षीवर दावा उभारणे शहाणपणाचे नाही. खरा दावा त्या पाच थरांचा, आणि तोही तिन्ही स्थळांनी एकत्र मांडावयाचा आहे. किल्लेही एकेकटे नव्हे, एका माळेत ओवूनच यादीत गेले.

अडचणी उघड आहेत. पाहावयास वर काही उभे नाही. भोवती ऊस आहे, आणि शेतकऱ्याला वगळून केलेले रक्षण टिकत नाही. परंतु कोकणातील कातळशिल्पेही वर्षानुवर्षे सड्यावर पायाखालीच होती. २०२२ मध्ये ती तात्पुरत्या यादीत गेली. धोळावीरेची पांढर तर २०२१ मध्ये मुख्य यादीतच आली.

मान्यता मिळेल वा न मिळेल. पडलेला बुरूज पुन्हा बांधता येतो. नांगराने एकदा उलटलेला थर मात्र पुन्हा लावता येत नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी या पांढरींची हद्द नीट आखली पाहिजे, आणि ती आखताना गावाला बरोबर घेतले पाहिजे. मग कोल्हारच्या पुलावर एक साधा फलक लावला, तरी तो खोटा ठरणार नाही.