लाल ठिपके आणि खडकातल्या भेगा

एआ-नासिरचं मीम आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केलंय. इ.स.पू. १७५० च्या आसपासची मातीची पाटी, उरच्या व्यापाऱ्याने हलकं तांबं दिलं म्हणून चिडलेल्या ग्राहकाची तक्रार. त्या काळी उरला येणारं बरंचसं तांबं मगानचं, म्हणजे आजच्या ओमान-यूएईचं. इथवर ठीक. पण मगानवरचे माहितीपट पुढे तोच नकाशा दाखवतात: हजर डोंगरांचा हिरवा पट्टा, त्यावर लाल ठिपके. जणू कुठेही खणा, तांबं मिळेल!

हा पट्टा म्हणजे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ, नंतर जमिनीवर ढकलला गेलेला. त्यातल्या साध्या बेसाल्टमध्ये टनाला फार तर शंभरेक ग्रॅम तांबं असतं. त्याचा साठा व्हायला पाणी लागतं. समुद्राचं पाणी भेगांतून खाली गेलं, साडेतीनशे अंशांच्या पुढे तापलं, खडकातलं तांबं विरघळवून भ्रंशांतून वर आलं आणि थंड होताना ते सोडून गेलं.

याच उत्साहात आमच्या एपिसोडमध्ये मी बोलून गेले, "भ्रंश शोधा, तांबं सापडेल." हेही त्या नकाशाइतकंच चूक. भ्रंश कधीचा, हे आधी विचारायला हवं होतं. समुद्रतळावरच्या भ्रंशांनी तांबं आणलं. तळ जमिनीवर चढताना झालेल्या भ्रंशांनी तयार साठे कापून बाजूला सरकवले. अशा भ्रंशाच्या मागे गेलात तर हाती कोरा खडक. योग्य वयाचा भ्रंशही सगळीकडे सारखा नसतो. तो वळतो किंवा दुसऱ्याला छेदतो तिथे खडक उघडतो, दाब उतरतो, शिरा भरतात. सरळ, चिकणमातीने बुजलेला भाग उलट पाणी अडवतो.

नकाशात हे काहीच नाही. ओमानमध्ये सोहारजवळच्या लसैलचा साठा समुद्रतळाच्या लाव्हात आहे. यूएईच्या बाजूला मात्र मुख्यतः त्याखालचे गॅब्रो आणि पेरिडोटाइट उघडे पडलेत, त्यामुळे इथलं तांबं बारीक, तुटक शिरांत. ठिपका मात्र दोन्हीकडे सारखाच. शारजाच्या वादी हिलोमध्ये कांस्ययुगात तांबं वितळवणाऱ्यांना ही चैन नव्हती. त्यांना फटीतला हिरवा डाग शोधतच फिरावं लागलं असणार.

आणि खडकाचं नावच सगळं ठरवत असतं, तर आपल्या गोंदियापलीकडच्या मलांजखंडचं काय? तिथे ग्रॅनाइट, समुद्रतळाशी काही संबंध नाही. तरी तांबं आहे, ग्रॅनाइटच्या भेगांत भरलेल्या क्वार्ट्झमध्ये. एपिसोडमधलं ते वाक्य मी काढायला सांगितलंय.